फटफटीचा चटका

कोणत्याही तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडासमोर जाऊन उभे राहा. दहा-वीस फटफट्या ओळीने लावलेल्या असतातच. त्यांच्या टाक्यांकडे पाहू नका. टाकी सगळेच पुसतात. उजव्या अंगाला जरा वाकून, सायलेन्सरच्या वर जे प्लास्टिकचे साइड पॅनेल असते त्याची खालची कड पाहा. पुष्कळ गाड्यांची ती कड निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारखी वळलेली दिसेल. कुठे रंग पिवळा पडलेला, कुठे फोड आलेले, कुठे कोणाचा तरी रेनकोट वितळून सायलेन्सरवर कायमचा बसलेला. आणि त्याच गाडीच्या मालकाने विजार गुडघ्यापर्यंत वर केली तर पोटरीवर एक गोल काळसर डाग सापडण्याचा बराच संभव आहे.

गाड्यांचा पत्रा ठोकणे आणि रंग देणे हा माझा धंदा. कऱ्हाडात माझे छोटेसे वर्कशॉप आहे. त्यामुळे असले भाजलेले रोगी माझ्याकडे सदान् कदा येत असतात. आल्याबरोबर प्रत्येकाचे मागणे एकच, “नवीन पॅनेल टाका आणि रंग जुळवून द्या.” आता मी पॅनेल टाकले, रंग जुळवला, पैसे घेतले की माझे काम झाले. पण सहा महिन्यांनी तोच गृहस्थ तेच पॅनेल तसेच भाजून घेऊन येतो. धंद्याच्या दृष्टीने हे वाईट नाही, तरी मला त्यात मौज वाटत नाही. म्हणून मी आधी विचारतो, गाडी कुठे चालते, किती ओझे असते, मागे कोण बसते. लोकांना वाटते, हा रंगारी चौकशा फार करतो!

हे दुखणे फटफटीइतकेच जुने आहे. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी लाकडी चौकटीत पेट्रोलचे इंजिन बसवून जगातली पहिली म्हणावी अशी मोटारसायकल तयार केली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डाइम्लरचा मुलगा पॉल ती घेऊन कानस्टाटहून निघाला. इंजिनात ठिणगीचा प्लग नव्हता; तापवून लाल केलेली एक नळी होती, आणि ती नेमकी बैठकीच्या खाली. वाटेत बैठकीने पेट घेतला, असे सांगतात. म्हणजे पहिल्याच फेरीत पहिली तक्रार! पुढे १९०३ मध्ये कानस्टाटच्या कारखान्याला आग लागली, तीत ती मूळ गाडीही जळून गेली. आज संग्रहालयांतून दिसतात त्या तिच्या प्रतिकृती.

त्यानंतर शंभरावर वर्षे गेली, पण इंजिनाचा स्वभाव बदलला नाही. पेट्रोल जाळून जेवढी उष्णता निघते तिच्यातली चौथाई, फार तर तिच्याहून थोडी अधिक, चाकाच्या कामी येते. उरलेली काही सिलिंडरच्या पंख्यांवरून हवेत जाते आणि बरीचशी धुराबरोबर सायलेन्सरमध्ये शिरते. इंजिनाच्या तोंडाशी हा धूर ६०० ते ८०० अंश सेल्सियस असतो. तिथून निघणारा जो वाकडा नळ, ज्याला आमच्याकडे बेंड पाइप म्हणतात, तो चढावर सहज ३०० अंशांच्या पुढे जातो. शेपटाकडे सायलेन्सर त्या मानाने पुष्कळ निवलेला असतो, तरी हात लावण्याजोगा नव्हेच. सत्तर अंशांच्या धातूला कातडी टेकली तर एका सेकंदात भाजते, मग पुढचे बोलायलाच नको.

आता या नळाचे शेजारी कोण? साइड पॅनेल बहुधा ए. बी. एस. नावाच्या प्लास्टिकचे असते. ते साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडते. पॉलिप्रॉपिलिन असेल तर १६० च्या सुमारास वितळते, पण आकार त्याआधीच सोडते. डिक्कीत ठेवतो ती पॉलिथिनची पिशवी तर ११०-१३० अंशांना पाण्यासारखी होते. रेनकोटाचे नायलॉन २२० पर्यंत तग धरते खरे, पण त्याला आतून लावलेला प्लास्टिकचा मुलामा त्याच्या कितीतरी आधी चिकट होतो. थोडक्यात, सातशे अंशांचा धूर आणि शंभर अंशांना हात टेकणारे प्लास्टिक, यांचा संसार वीतभर अंतरात मांडलेला आहे. जुन्या चेतकसारख्या स्कूटरांना हे भय नव्हते. १९७२ साली आलेल्या त्या स्कूटरचे अंग पोलादी पत्र्याचे होते. तापले तर रंगाला फोड येत, पत्रा वाकत नसे. शिवाय इंजिनावर पंख्याचा वारा आणि सायलेन्सर पार खाली. आताच्या गाड्या हलक्या हव्यात, देखण्या हव्यात, स्वस्तही हव्यात, म्हणून प्लास्टिक आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्रा ठोकून ठोकून माझे खांदे गेले आहेत.

उष्णता एका वस्तूतून दुसरीत तीन वाटांनी जाते हे शाळेत सगळ्यांनी घोकलेले असते, पण गाडीपाशी आले की कोणाला आठवत नाही. उलथन्याचे एक टोक तव्यावर राहिले की दांडा तापतो, ही पहिली वाट. चुलीवरच्या शिंक्यातले लोणी पातळ होते, ही दुसरी. तापलेली हवा वर चढते. आणि शेकोटीपासून चार हात लांब बसले तरी तोंड भाजते, पाठ गार राहते, ही तिसरी. तिला ना धातू लागतो ना हवा. किरणांनी ती सरळ येते. पॅनेल भाजते ते बव्हंशी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेने, आणि लोक बंदोबस्त करतात पहिलीचा! मधे रबराचा तुकडा घालतात. तो तुकडा काही दिवसांनी जळून वास मारू लागला की माझ्याकडे येतात.

त्या तिसऱ्या वाटेचे गणित मोठे भयंकर आहे. श्टेफान या शास्त्रज्ञाने १८७९ साली ते मांडले. तापमानाचा आकडा निरपेक्ष शून्यापासून मोजला तर किरणांची उष्णता त्या आकड्याच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे सायलेन्सर २०० अंशांवरून ४०० वर गेला की त्याने बाहेर फेकलेली उष्णता चौपट होते. “रोज तर चांगली चालते, परवा घाटात एका दिवसात पॅनेल कसे गेले?” असे विचारणाऱ्याला उत्तर यात आहे. वर्षभराचे सपाटीवरचे चालणे एकीकडे आणि घाटातला अर्धा तास एकीकडे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल. पॅनेल भरधाव चालण्याने भाजत नाही, थांबल्याने भाजते. साठ-सत्तरच्या वेगाने जाताना वारा सगळी उष्णता मागे पळवतो. घाट चढून आलात, चहाच्या टपरीवर गाडी लावली, इंजिन बंद केले, की वारा संपला. नळ तापलेलाच आहे, त्याची उष्णता आता सरळ वर चढते, आणि पुढची पाच-दहा मिनिटे पॅनेलचे तापमान उतरण्याऐवजी चढत जाते. पुण्यातल्या सिग्नलांवरही हेच. म्हणून गाडी घरी आणल्याबरोबर तिच्यावर प्रेमाने प्लास्टिकचे आच्छादन घालणारे जे गृहस्थ असतात, त्यांची आच्छादने नेमकी उजव्या बाजूला भोक पडलेली असतात.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, ऐन वैशाखात, एक पोरगा माझ्याकडे आला. वीस-बावीस वर्षांचा असेल. औषधाच्या दुकानात कामाला, पाटणकडच्या आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर औषधे पोचवायची. गाडी स्वतःची, हप्त्यावर घेतलेली. “काका, हे तिसरे पॅनेल आहे,” म्हणाला. “आधीची दोन कुठे बदललीस?” तर दोन निरनिराळ्या ठिकाणी. एकाने पॅनेलला आतून चंदेरी कागद चिकटवून दिला होता, दुसऱ्याने बेंड पाइपला सुतळीसारखी पट्टी गुंडाळली होती. दोन्ही उपाय मुळात वाईट नव्हेत, पण रोग पाहून केलेले नव्हते.

मी गाडी उजेडात घेतली. सिलिंडर हेडला बेंड पाइप जिथे मिळतो तिथे तांब्याची एक कडी असते, गॅस्केटची. तिच्याभोवती काजळीचा काळा पिसारा उमटलेला. म्हणजे कडी बसली होती आणि फटीतून ताजा, सातशे अंशांचा धूर पिचकारीसारखा बाहेर येत होता. इंजिन सुरू करून कान दिला तर ‘फट् फट्’ असा बारीक आवाजही. मग मागे पाहिले. गाडी कधीतरी उजव्या अंगावर पडली असावी; सायलेन्सरची पट्टी आत वाकली होती. जिथे दोन बोटे जावीत तिथे नख जाईना. आणि या सगळ्यावर उजव्या बाजूला रेक्झिनची मोठी पिशवी लटकवलेली. तिचे बूड कडक होऊन बिस्किटासारखे झालेले.

“पिशवीत काय असते रे?”

“औषधे. आणि इन्शुलिन.”

पिशवी सोडून आत पाहिले. इन्शुलिनसाठी थर्माकोलचा डबा होता, बर्फाची पिशवी घातलेली. दुकानदाराने आपले काम चोख केले होते. पण सायलेन्सरच्या अंगाची डब्याची कड वितळल्यासारखी आत गेली होती, आणि बर्फाचे केव्हाच कोमट पाणी झाले होते. थर्माकोल आकसायला ऐंशी-नव्वद अंश तरी लागतात. इन्शुलिन न उघडलेले असेल तर २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, आणि वापरात असलेलेसुद्धा तीस अंशांच्या वर नेऊ नये असे डब्यावरच्या कागदात छापलेले असते. तापलेले इन्शुलिन बहुधा दिसायला जसेच्या तसे दिसते. टोचणाराला कळत नाही. साखर मात्र उतरत नाही.

पोराचा चेहरा उतरला. त्या दिवशी सकाळी त्याने दोन बाटल्या एका वाडीवर देऊन टाकल्या होत्या, एका म्हातारीला. चार अजून पिशवीत होत्या. “दुकानात सांगितले तर पगारातून कापतील, काका.” हप्त्याची तारीख पाचवर आली होती. मी म्हणालो, ते मी बोलतो. दुकानदाराला फोन लावला. तो बिचारा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सगळ्या परत पाठवा, आणि त्या दोन आधी आणा.” पोराला मी माझी स्कूटर दिली, डब्यात नवीन बर्फ आणि नवीन बाटल्या घालून तो परत त्याच वाटेने गेला. दिवेलागणीला आला. म्हातारीने अजून बाटली उघडली नव्हती. तिची जुनी दोन दिवस पुरणार होती. दुकानदाराने त्या महिन्यात पैसे कापले नाहीत एवढे मला ठाऊक आहे. पुढच्या महिन्याचे मी विचारले नाही.

गाडीचे काम दुसऱ्या दिवशी केले. आधी धुराची गळती. नवी तांब्याची कडी मिळाली तर उत्तम. नाही तर जुनी लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की तांबे मऊ पडते आणि कडी पुन्हा नीट बसते. लोखंड असे केले तर कडक होते, तांब्याचे उलट आहे. माझ्या वस्तादाने मला हे शिकवले तेव्हा मी चकित झालो होतो. मग वाकलेली पट्टी सरळ केली, फाटलेले रबर बदलले, आणि सायलेन्सर आपल्या जागी गेला. इथेच निम्मे काम होते. दोन बोटांची मोकळी हवा ही या दुखण्यावरची सर्वांत स्वस्त मात्रा आहे, आणि ती दुकानात मिळत नसल्यामुळे कोणी सुचवीत नाही.

मग ढाल. सायलेन्सर आणि पॅनेल यांच्या मधे एक-दीड मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम किरणांतली बहुतेक उष्णता परत फेकते. तोच पत्रा काळा रंगवला तर बहुतेक सगळी गिळून बसतो. थर्मासच्या बाटलीला आतून चांदीसारखा मुलामा असतो तो याचसाठी. जेम्स ड्यूअरने १८९२ साली ती युक्ती काढली. पुष्कळ लोक पत्रा बसवून मग ‘गाडीला शोभेल’ म्हणून त्याला काळा रंग देतात आणि कमाई घालवतात. काळाच हवा असेल तर पायाकडची बाजू रंगवा, सायलेन्सरकडची चकचकीत ठेवा. काजळी आणि चिखल बसला की ती बाजूही आंधळी होते. महिन्यातून एकदा पुसली पाहिजे.

पत्रा पॅनेलला चिकटवायचा नाही आणि सायलेन्सरलाही टेकवायचा नाही. दोहींकडे सेंटिमीटरभर तरी हवा हवी, आणि ती हवा खालून आत येऊन वरून बाहेर पडेल अशी वाट मोकळी हवी. चारी बाजू बंद केलेली ढाल म्हणजे भट्टी. ज्या पट्ट्यांवर आणि स्क्रूंवर ही ढाल उभी राहते ते मात्र अ‍ॅल्युमिनियमचे नकोत, स्टेनलेसचे हवेत. उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसच्या चौदा-पंधरा पट तरबेज आहे. ढालीला जो गुण तोच खुंटीला दोष! स्क्रूखाली अभ्रकाची किंवा काचतंतूची वायसर घातली की पहिली वाटही बंद होते. पत्र्याची कड दुमडून घ्यायची, नाहीतर प्लास्टिक वाचते आणि पोटरी चिरते.

पोराची पिशवी डावीकडे नेली, आणि इन्शुलिनचा डबा मागच्या कॅरिअरवर उंच बांधायला सांगितले. उन्हाचा प्रश्न उरतोच. त्याला वरून पांढरे फडके.

ती पट्टी, जी दुसऱ्या एका ठिकाणी गुंडाळून मिळाली होती, ती मी सोडून टाकली. शर्यतीच्या गाड्यांना काचतंतूची असली पट्टी गुंडाळतात ती शोभेसाठी नव्हे. उष्णता नळाच्या आत राहिली की धूर पातळ आणि चपळ राहतो, आणि स्वाराचे पायही वाचतात. पण शर्यतीची गाडी पावसात चार महिने उभी राहत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ही पट्टी पाणी पिऊन बसते, तिच्याखाली नळ रोज तापतो, रोज भिजतो, आणि साधे पोलाद असेल तर आतल्या आत गंजते. वरून काही दिसत नाही. एके दिवशी नळाला भोक पडलेले सापडते. कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसाचे तर सांगायलाच नको. स्टेनलेसचा नळ असेल आणि मालक दर पावसाळ्याआधी पट्टी सोडणारा असेल, तर माझी हरकत नाही. असा मालक मी अजून पाहायचा आहे.

आणि एक धोक्याची गोष्ट. जुन्या गॅरेजांच्या माळ्यावर पांढुरकी दोरी किंवा कापड पडलेले असते. ‘हे कधी जळत नाही’ म्हणून कौतुकाने दाखवतात. ते अ‍ॅस्बेस्टॉस. जळत नाही हे खरे. पण त्याचे न दिसणारे तंतू छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग देतात. एका पॅनेलसाठी कोणी ते कातरू नये, झटकू तर मुळीच नये.

लांबच्या मुलुखातले कारागीरही याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. होंडाने १९६२ साली सी. एल. ७२ नावाची गाडी काढली, रानावनात चालवायची. दगड लागू नयेत म्हणून दोन्ही नळ वर उचलून डाव्या अंगाने नेले, आणि मग पाय भाजू नयेत म्हणून त्यांवर ढाली बसवाव्या लागल्या. १९९४ च्या डुकाटी ९१६ मध्ये मास्सिमो ताम्बुरिनी या नामांकित आराखडाकाराने सायलेन्सर बैठकीखालीच नेऊन ठेवले. गाडी इतकी देखणी झाली की जगाने माना डोलावल्या. बैठक तापते ही तक्रारही तिच्याबरोबरच जगभर गेली. पॉल डाइम्लरला हे पाहून काय वाटले असते कोण जाणे.

नव्या गाड्यांत एक नवा पाहुणा आला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात सर्वत्र भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. धुरातले विषारी वायू कमी करण्यासाठी सायलेन्सरच्या पोटात मधमाशांच्या पोळ्यासारखा एक ठोकळा असतो, त्याला प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा पातळ मुलामा. हा ठोकळा अडीच-तीनशे अंशांवर गेल्याखेरीज कामालाच लागत नाही, आणि कामाला लागला की स्वतःची उष्णता वर घालतो. एवढ्यावर तो गुण्यागोविंदाने राहतो. पण प्लग चुकला, ठिणगी हुकली, की न जळलेले पेट्रोल त्या ठोकळ्यात येऊन जळते, आणि मग सायलेन्सर मधेच लालबुंद होण्याची पाळी येते. म्हणून नव्या गाडीचे पॅनेल अचानक भाजू लागले तर पॅनेलवाल्याकडे जाण्याआधी मेकॅनिककडे जावे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीतही हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले, किंवा ठिणगी उशिरा पडू लागली, तर धूर जास्त तापतो. सुगीनंतर वाळल्या गवतात गाडी लावणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. तापलेल्या सायलेन्सरखाली गवत पेटायला वेळ लागत नाही.

नळ किती तापला होता याची नोंद तो स्वतःच ठेवतो. साध्या पोलादावर २२० अंशांच्या सुमारास गवती पिवळी झाक येते, २८० ला जांभळी, ३०० ला निळी. स्टेनलेसवर याच छटा आणखी वरच्या तापमानाला उमटतात. हा काही रंग नव्हे. धातूवर गंजाची अतिशय पातळ साय धरते आणि पाण्यावरच्या तेलासारखी ती रंग दाखवते. तरुण मंडळी ही निळाई घासून घालवायला माझ्याकडे येतात. मी घासून देतो, पण आधी ती कुठवर चढली आहे ते बघून ठेवतो.

आजकाल तापमान मोजायचे पिस्तूलही स्वस्त झाले आहे. करोनाच्या दिवसांत सगळ्यांच्या कपाळावर रोखले जाई ते नव्हे. ते फक्त माणसाच्या अंगाचा ताप मोजते. कारखान्यातले वेगळे असते. पण त्याचीही एक खोड आहे. चकचकीत क्रोमवर रोखले तर ते भलताच कमी आकडा सांगते, कारण चकचकीत धातू आपली उष्णता किरणांनी बाहेर टाकतच नाही. दोनशे अंशांचा नळ साठ दाखवील, आणि तुम्ही विश्वासाने बोट लावाल. तिथे उष्णतेला टिकणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका द्यावा आणि त्यावर नेम धरावा. त्या औषधवाल्या पोराच्या गाडीवर मी असाच ठिपका दिला होता. चढावरून आणल्यावर नळाने ३१० दाखवले आणि ढालीमागच्या पॅनेलने ५२. पॅनेल अजून तेच आहे.

पोटरी भाजलीच तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावी. टूथपेस्ट, निळी शाई, तूप यांतले काही लावू नये. फोड आला तर फोडू नये. लहान मुलाला गाडीवरून उतरवायचे ते डाव्या बाजूने.

आणि दिवाळीत गाडी धुण्याची आपल्याकडे रीत आहे, खंडेनवमीला राहून गेलेली असते म्हणून. बाजारातून आल्याआल्या गरम सायलेन्सरवर बादली ओतू नका; क्रोमवर डाग पडतात आणि सोलायला सुरुवात होते. अर्धा तास तिला तशीच उघडी, वाऱ्यावर उभी राहू द्या. तेवढ्यात दोन करंज्या आणि एक चहा आरामात होतो.